लेबलावरचा आकडा

"उद्या छापायला द्यायचंय. एकदा नजर टाक," म्हणत मावशीनं माझ्या हातात कागद ठेवला आणि ती पुन्हा रातांबे फोडायला बसली.

मे महिन्याचा पहिला आठवडा होता. कुडाळ तालुक्यातलं तिचं घर, अंगणभर वाळत घातलेली कोकमाची सालं आणि दुपारी साडेबाराचं ऊन. मघाशी सालं परतायला मी अंगणात उतरले तेव्हा माझी सावलीच मला दिसेना. ती पावलांखाली गोळा होऊन बसली होती. या पट्ट्यात सूर्य वर्षातून दोनदा नेमका माथ्यावर येतो आणि त्यातली पहिली खेप याच दिवसांतली.

कागदावर बचत गटाच्या नव्या मलमाचं लेबल होतं. भिरंडेल म्हणजे रातांब्याच्या बियांतला मेद, खोबरेल, हळद, कोकमाच्या सालीचा अर्क. त्याखाली ठळक हिरव्या अक्षरांत : 'उन्हापासून संपूर्ण नैसर्गिक संरक्षण. एसपीएफ २५.'

मी पुण्यात त्वचारोगांची डॉक्टर आहे. मावशीनं कोल्हापूरच्या एका कॉलेजात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर ती माहेरच्या या घरात परत आली. तेव्हा पुढचं भांडण जुनं विरुद्ध नवं किंवा आजीबाईचा बटवा विरुद्ध विज्ञान, असं कुणी समजू नये. त्या दुपारी तिनं मला निदान दोनदा निरुत्तर केलं.

"मावशी, हा पंचवीस कुठून आला?"

"मोजून आलाय. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं त्याच्या प्रयोगशाळेत काढून दिला. अर्क अल्कोहोलात विरघळवायचा, क्वार्ट्झच्या नळीत भरायचा आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये २९० ते ३२० नॅनोमीटरपर्यंत दर पाच नॅनोमीटरला तो किती प्रकाश शोषतो ते बघायचं. मग सूत्र लावायचं. सगळीकडे असंच करतात."

"करतात खरं. २०१० साली रायपूरच्या संशोधकांनी याच रीतीनं तेलं मोजली होती. खोबरेल आणि ऑलिव्ह तेल, दोन्हींना सातच्या वर आकडा आला. तेव्हापासून खोबरेल म्हणजे सनस्क्रीन असं जो तो सांगतो. आता तू शिकवलंयस म्हणून तुलाच विचारते. खोबरेलात बहुतांश संपृक्त मेदाम्लं. त्यांच्या रेणूत अतिनील किरण धरून ठेवील असं आहे काय?"

मावशी क्षणभर थांबली. "फारसं काही नाही. दुहेरी बंधांची साखळी हवी, नाहीतर बेंझिनची कडी. खोबरेलात ती नाही."

"मग नळीतला आकडा खोबऱ्याचा की पद्धतीचा? आणि नळीत द्रव एकसारखा भरलेला असतो. कातडीवर तसं होत नाही. तिथे खाचा आहेत, लव आहे, घाम आहे. उंचवट्यावरून मलम पुसलं जातं आणि खाचेत साठतं. जिथे पातळ झालं तिथून ऊन आत शिरतं."

"मग तुम्ही कसं मोजता?"

मी सांगितलं. निदान दहा माणसं घेतात. त्यांच्या पाठीवर दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम या हिशेबानं मलम लावतात आणि दिव्यातून अतिनील किरणांचे वाढते डोस देतात. दुसऱ्या दिवशी कुठल्या डोसला त्वचा लाल झाली ते बघतात. मलम लावलेल्या जागेला लागलेला डोस भागिले न लावलेल्या जागेला लागलेला डोस, हा झाला एसपीएफ. म्हणजे ते एका गुणोत्तराचं नाव आहे. ते माणसाच्या पाठीवरच निघतं, नळीत निघत नाही.

"लाल झाली," मावशीनं माझे शब्द उचलले. कोयत्याच्या टोकानं तिनं एक रातांबा फोडला, बिया एका टोपलीत टाकल्या, साल दुसऱ्या. "आणि ही दहा माणसं कुठल्या रंगाची?"

"गोरी. उन्हानं चटकन लाल होणारी."

"आमच्या गटातल्या बायकांपैकी कोण लाल होते गं? काजूच्या बागेत दिवसभर राबून यांची कातडी काळवंडते, गालांवर वांग येतो, मानेवर खरखरीत पुरळ उठतं. लाल होताना मी तरी कुणाला पाहिलं नाही. म्हणजे तुमची फूटपट्टीच मुळी यांच्यासाठी केलेली नाही. मग ती लावून माझ्या मलमाला नापास कशाला करतेस?"

इथे मी पहिल्यांदा गप्प झाले. तिचं म्हणणं खरंच होतं. १९७९ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोजणीत काळ्या त्वचेच्या वरच्या थराचं अंगचं संरक्षण साधारण १३ पट भरलं होतं आणि गोऱ्या त्वचेचं सव्वातीन-साडेतीन पट. आपण बहुतेक या दोहोंच्या मधे कुठेतरी. म्हणूनच उन्हामुळे होणारा त्वचेचा कर्करोग आपल्याकडे गोऱ्या देशांच्या मानानं कमी. आपल्या बायका माझ्याकडे येतात त्या वांग घेऊन. आणि वांग तर नुसत्या अतिनील किरणांनी नव्हे, डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडानंही वाढतो. एसपीएफचा आकडा त्याबद्दल अवाक्षर बोलत नाही.

"बरोबर आहे तुझं," मी म्हणाले. "म्हणून तर तो आकडा काढून टाक म्हणते. मुळात तो त्यांच्या दुखण्याचा नाही. त्यातून तुझा आकडा तर नळीतला."

"आकडा काढते. पण झाडात ताकद नाही असं म्हणू नकोस." मावशीनं हात पुसले आणि अंगणाच्या कडेच्या आंब्याकडे बोट केलं. "त्या फांदीचं टोक बघ. कोवळी पानं तांबूस लाल आहेत की नाही? हिरवेपणा यायचाय, तोवर पानानं लाल अंगरखा घातलाय. अँथोसायनिन. पान जून झालं की अंगरखा उतरतो. झाडाला घरात जाता येत नाही, छत्री धरता येत नाही. चाळीस-पंचेचाळीस कोटी वर्षं ते जमिनीवर उन्हात उभं आहे. त्याला हे जमणार नाही तर कुणाला? २०११ साली तर सापडलंच की, झाडाच्या पेशीत यूव्हीआर-८ नावाचं एक प्रथिन असतं. ते अतिनील-बी किरण ओळखतं आणि ओळखल्याबरोबर पेशीला संरक्षक द्रव्यं बनवायचा निरोप देतं. तुमची सनस्क्रीन मलमं येऊन दीडशे वर्षंही झाली नाहीत. आणि ती कुठून आली, ठाऊक आहे तुला?"

मला ठाऊक होतं. पण तिला सांगायचं होतं, म्हणून मी ऐकलं.

"१८७८ मध्ये ऑटो वाइल नावाच्या डॉक्टरनं उन्हाविरुद्ध टॅनिन सुचवलं. हिरड्यात, बाभळीच्या सालीत असतं तेच टॅनिन. अंगाला डाग पडायचे म्हणून मागे पडलं. १८९१ मध्ये फ्रीडरिश हामरनं क्विनीनचं मलम केलं, म्हणजे सिंकोनाची साल. १९११ च्या सुमाराला उन्ना यांनी घोडचेस्टनटमधलं एस्क्युलिन घेतलं. पहिली तिन्ही सनस्क्रीन झाडाची! आणि आपल्या उटण्यात कपूरकाचरी असते ना, तिच्या कंदात एथिल मेथॉक्सिसिनामेट असतं. तुमच्या ट्यूबवर ऑक्टिनॉक्सेट म्हणून जे लिहितात, ते त्याचंच थोरलं भावंड. शेपटी तेवढी लांब. मग कारखान्यातलं ते शास्त्र आणि माझं ते लेप?"

हे सगळं खरं आहे. उटण्याच्या पुडीकडे मी त्या दिवसापासून वेगळ्या नजरेनं बघते. पण तिच्या बोलण्यातच उत्तर होतं. ती शेपटी उगाच लांब केलेली नाही. रेणू तेलात नीट मिसळावा, पाण्यानं आणि घामानं धुऊन जाऊ नये, कातडीवर सारख्या थरानं बसावा म्हणून ती बदलली. झाडाकडून कल्पना घेतली आणि मग माणसाच्या कातडीसाठी तिची डागडुजी केली. युरोपनं अतिनील किरण गाळणाऱ्या ज्या पदार्थांना परवानगी दिली आहे, त्या यादीत आजही एकही वनस्पतीचा अर्क नाही. मेंदी दारापर्यंत जाऊन आली होती. तिच्यातलं लॉसोन दुसऱ्या एका रसायनाच्या जोडीनं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या जुन्या मसुद्यात सनस्क्रीन म्हणून होतं. १९९९ च्या अंतिम यादीत ते उरलं नाही.

"आणि मावशी, पानाचा अंगरखा पान रोज नवा विणतं. जिवंत पेशीत, पाण्यात, उन्हाच्या मापानं. तू तो उतरवून बरणीत भरतेस. पुढे त्याचं काय होतं? मला एक सांग. पांढऱ्या साडीवर हळदीचा डाग पडला तर तू काय करतेस?"

"साबण लावते आणि उन्हात..."

ती बोलता बोलता थांबली.

मराठी घरातल्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. साबणानं लालभडक झालेला हळदीचा डाग उन्हात वाळत टाकला की संध्याकाळपर्यंत फिका होतो, दोन-तीन दिवसांत जातो. कर्क्युमिन उन्हात तुटतं. जे स्वतः उन्हापुढे दोन दिवस तग धरत नाही, त्याला आपण कातडीच्या पहाऱ्यावर बसवायचं. खिडकीतल्या कोकमाच्या आगळाच्या बाटलीची तीच गत. कपाटातली बाटली काळपट लाल, खिडकीतली विटकरी.

मावशी हार मानणाऱ्यांतली नाही. "तुमचं ॲव्होबेन्झोनही उन्हात विरतं. वाचलंय मी."

"विरतं. पण किती वेळात किती विरतं ते मोजलंय. मग त्याला दुसऱ्या रेणूचा टेकू दिला आणि नंतर बाजारात आणलं. तसा टेकू झाडाचाही चालतो, हे तुझ्या बाजूनं सांगते. भाताच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल असतं. २००५ मध्ये ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी क आणि ई जीवनसत्त्वाच्या द्रावणात ते मिसळलं. द्रावण टिकाऊ झालं आणि डुकराच्या त्वचेवर मिळणारं संरक्षण चार पटींवरून आठ पटींवर गेलं. कोंड्याचं काम होतं ते. पण कुठल्या आम्लतेला, किती टक्के, कुठल्या बाटलीत, हे सगळं ठरवून."

"हे चांगलं आहे," ती म्हणाली आणि तिनं कागदाच्या कोपऱ्यात 'कोंडा' असं लिहून ठेवलं.

मग मी तिला जी गोष्ट सांगितली ती माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिची चर्चा फार कमी होते. एसपीएफ म्हणजे लाली किती उशिरा येते त्याचा हिशेब. पण लाली म्हणजे इजा नव्हे. ती इजेची हाकाटी आहे. अतिनील-बी किरण पेशीतल्या डीएनएच्या साखळीत शेजारशेजारच्या दोन थायमिनना एकमेकांत अडकवून टाकतो, ती इजा. लाली मागून येते. ती दाह असतो, रक्तवाहिन्या रुंदावतात. आता ज्येष्ठमध, हळद, कोरफड असे पदार्थ दाह शमवणारे आहेत. मलमात ते घातले तर लाली कमी दिसेल, चाचणीतही आकडा फुगेल. किरण मात्र आत गेलेले असू शकतात. घरात आग लागली आहे, आपण फक्त घंटेला कापड गुंडाळलं. बाई म्हणेल, आज काही पोळलं नाही, आणखी दोन तास बागेत थांबते.

"असू शकतात म्हणतेस. गेलेच असं नाही," मावशी म्हणाली.

"नाही. प्रत्येक अर्क निराळा. ग्रीन टी घे. २००१ साली अमेरिकेत माणसांच्या पाठीवर चहातली पॉलिफेनॉल्स लावून त्यावर अतिनील किरण सोडले. लाली कमी झाली आणि डीएनएची इजाही कमी भरली. पुढे उंदरांवर दिसलं, की चहातली द्रव्यं पेशीच्या दुरुस्तीच्या यंत्रणेला चालना देतात. म्हणजे ते गाळणीचं काम नव्हतं, गवंड्याचं होतं."

"बघ!"

"थांब ना. पुढे चहातली हीच द्रव्यं पोटातून देऊन पाहिली. इंग्लंडमध्ये तीन महिने रोज, एका गटाला खरी, एका गटाला खोटी. २०१५ मध्ये निकाल आला. लालीत दखल घ्यावी असा फरक नाही. तिकडे जर्मनीत २००१ साली टोमॅटोची पेस्ट रोज चाळीस ग्रॅम, ऑलिव्ह तेलात कालवून, दहा आठवडे खायला घातली. लाली चाळीस टक्के कमी. एक झाड चालतं, एक चालत नाही. एकच झाड कातडीवर चालतं आणि पोटात चालत नाही. म्हणून 'वनस्पती गुणकारी' या वाक्याला मला काही अर्थच दिसत नाही. कुठली वनस्पती, तिचा कुठला भाग, कशात काढलेला अर्क, किती, कुठल्या वाटेनं, कुणाला?"

"चाळीस टक्के काही थोडे नव्हेत. टोमॅटो खायला सांग तुझ्या पेशंटांना."

"सांगते की. पण चाळीस टक्के म्हणजे एसपीएफच्या भाषेत दोनसुद्धा नाही."

मध्य अमेरिकेतल्या एका नेच्याच्या गोळ्यांचं प्रकरणही निघालं. त्या अर्कावर २००४ मध्ये नऊ माणसांवर चांगला प्रयोग झाला होता, इजा थोडी कमी दिसली होती. तेवढ्यावरून बाजारात 'उन्हाची गोळी' आली. अखेर २०१८ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या औषध प्रशासनाला जाहीर सांगावं लागलं, की सनस्क्रीनची जागा घेईल अशी गोळी अस्तित्वात नाही. माझा राग अशा ठिकाणी अर्कावर नसतोच. नऊ माणसांवरचा प्रयोग कष्टानं केलेला असतो, लिहिणाऱ्यानं मर्यादाही लिहिलेल्या असतात. मधल्या मधे कुणीतरी त्या मर्यादा गाळतो आणि आकडा तेवढा उचलतो.

एक वाजता गटातल्या तिघी काजूच्या बागेतून आल्या. प्रत्येकीच्या साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल. त्यांना सरबत देताना त्यातल्या एकीच्या मनगटावर मला तपकिरी पट्टे दिसले, ओघळ वाहिल्यासारखे.

"काजूचो चीक लागलो," ती म्हणाली.

मी हात उजेडात धरून पाहिला. काजूच्या चिकाचा चट्टा पोळल्यासारखा असतो, खपली धरतो. हे ओघळ होते. "दहा-पंधरा दिवसांमागे लिंबं पिळली होतीस का कुठे? आणि मग उन्हात गेलीस?"

तिच्या दिराच्या लग्नात तिनं शंभरेक लिंबं पिळली होती. मग त्याच हातांनी मांडवाबाहेर भांडी घासली होती.

मावशीला मी काही सांगायची गरज नव्हती. "सोरालेन," ती स्वतःशीच म्हणाली. लिंबाच्या सालीत, अंजिराच्या चिकात, बावचीच्या बियांत ही द्रव्यं असतात. ती ऊन अडवत नाहीत, उलट उन्हाला आत बोलावतात. कातडीवर ती असताना ऊन लागलं की डीएनएला चिकटतात आणि फोड, मग महिनोन्‌महिने न जाणारे डाग. आयुर्वेदात कोडावर बावची देतात ती याच गुणामुळे. इजिप्तमध्ये १९४० च्या दशकात एल मोफ्ती यांनी तिथल्या एका रानवनस्पतीतलं असंच द्रव्य कोडासाठी वापरलं, आणि १९७४ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी त्यातून सोरियासिसवरचा उपचार उभा केला. एकाच गुणानं औषध होतं आणि त्याच गुणानं हा मनगटावरचा डाग. नैसर्गिक या शब्दात दोन्ही बसतात. चेहऱ्याला लिंबू चोळून गाडीवरून कॉलेजला जाणाऱ्या मुली माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतात.

मला वाटलं, आता मावशी लेबलच फाडील. ती मात्र माझ्याकडे वळली.

"ठीक. माझं मलम गाळणी नाही, कबूल. आता तुझं सांग. हिला तू काय लिहून देशील?"

"चांगलं सनस्क्रीन. तीस किंवा पन्नास, अतिनील-एपासूनही वाचवणारं. वांगासाठी रंगीत, त्यात लोहाचं ऑक्साइड असतं, दिसणारा उजेडही अडतो."

"म्हणजे गेरूच. बरं, किती लावायचं?"

"चेहरा आणि मान मिळून एक चमचा. प्रत्येक हाताला एकेक."

"तीन चमचे, पंधरा ग्रॅम. परत कधी लावायचं?"

"दर दोन तासांनी. घाम आला तर आधीच."

"सकाळी आठ ते दुपारी एक ही बागेत असते. तीनदा लावलं तर पंचेचाळीस ग्रॅम. पन्नास ग्रॅमची ट्यूब एका दिवसाची. तिची किंमत आणि हिची मजुरी, बस आणि वजाबाकी कर."

तीन बायका सरबताचे पेले हातात धरून माझ्याकडे बघत होत्या. मी वजाबाकी केली. दवाखान्यात बसून मी वर्षानुवर्षं ज्या चिठ्ठ्या लिहिल्या, त्यांतली किती मलमं पूर्ण मापानं लावली गेली असतील? शहरातही लोक मापाच्या पाव ते निम्मंच लावतात, हे आम्हाला चांगलं ठाऊक असतं. तरी आम्ही लिहीत राहतो. मावशीच्या लेबलावरचा पंचवीस नळीतला होता. माझ्या चिठ्ठीवरचा पन्नासही या अंगणात पोचेपर्यंत कागदावरचाच राहत होता.

"हिच्या अंगावरचा शर्ट," मावशी म्हणाली, "तो किती?"

आणि इथून आमचं बोलणं निराळ्याच दिशेनं गेलं. कापडाचं संरक्षण मोजता येतं, त्याला यूपीएफ म्हणतात. विरळ विणीच्या पातळ पांढऱ्या सुती कापडाचं जेमतेम पाच ते सात. घामानं भिजलं की आणखी कमी. जाड, घट्ट विणीच्या गडद कापडाचं पन्नासच्या पुढे सहज. पुण्यातल्या स्कूटरवाल्या मुली स्कार्फ आणि सनकोट घालतात, त्याची बाहेरगावचे लोक थट्टा करतात. माझ्या मते त्या मुलींनी आम्हा डॉक्टरांपेक्षा चांगला उपाय शोधलाय. कापड दर दोन तासांनी पुन्हा लावावं लागत नाही.

"आणि तुझे अर्क इथे चालतात, मावशी. २००४ मध्ये अजॉय सरकार यांनी सुती कापडं मॅडर आणि नीळ अशा नैसर्गिक रंगांत रंगवून मोजली होती. रंग जितका गाढा, तितकं संरक्षण जास्त. मॅडर म्हणजे आपल्या मंजिष्ठेची बहीण. आणि नीळ म्हणजे धुण्यात घालतो ती नव्हे, झाडाची."

मावशीचे डोळे लुकलुकले. तीस वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई पुन्हा दिसायला लागली. "कारण धाग्याला खाचा नाहीत, कातडीसारखा घाम नाही, तिथे रंग पकडून बसवता येतो. तुरटी लावून. आणि टॅनिन, हिरडा! वाइलच्या टॅनिननं अंगाला डाग पडायचे म्हणालो ना आपण? कापडाला डाग पडलेलाच हवाय." ती उठली, परत बसली. "पण तोही टिकला पाहिजे. धुतल्यावर आणि उन्हात. हळदीनं रंगवून चालायचं नाही."

"मोजून घ्यावं लागेल."

"या खेपेला नीट मोजून घेऊ. तुझ्यासमोर."

तिघींपैकी सगळ्यांत थोरल्या बाईनं विचारलं, मग मलमाचं काय? रातांब्याच्या बिया वाळवून, फोडून, कुटून, उकळून, वर आलेला मेद हातानं दाबून गोळे करायला गटानं चार महिने घालवले होते. तिचा प्रश्न रास्त होता.

मी सांगितलं ते तिला धीर द्यायला नव्हे, खरं म्हणून. २०१५ मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं, की उन्हातून सावलीत आल्यावरही रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींत डीएनएची इजा तीन तासांहून अधिक वेळ होतच राहते. ऊन आपण दाराबाहेर ठेवून येतो असं वाटतं, पण ते आत येऊन बसलेलं असतं. त्या उशिराच्या इजेला संध्याकाळी लावलेलं अँटिऑक्सिडंट आवर घालील का, हा प्रश्न तिथून उभा राहिला आहे. झाडाच्या अर्काला जर कुठे खरी जागा असेल तर ती मला या वेळेत दिसते. भिरंडेल तर तसंही भेगांवर, फुटलेल्या ओठांवर कोकणात पिढ्यान्‌पिढ्या लावतात. कातडीवर ते घट्ट थर धरतं आणि ओल उडू देत नाही. उन्हानं खरखरीत झालेल्या हातांना तेवढंही पुष्कळ आहे.

"मग ते लेबलावर लिहू?" मावशीनं पेन उघडलं.

"येलचं नको. त्यांनी तुझं मलम तपासलेलं नाही. कोरड्या त्वचेसाठी एवढं लिही. हळद आणि अर्काचं नाव घटकांत असू दे, गुण म्हणून नको. आणि छापण्याआधी परवान्याचं बघ. १९४० चा औषधं आणि सौंदर्यप्रसाधनांचा कायदा घरगुती मलमालाही लागू आहे."

तिनं 'एसपीएफ २५' वर आडवी रेघ मारली. 'संपूर्ण' खोडलं, मग 'संरक्षण' खोडलं. 'उन्हापासून' या शब्दावर पेन बराच वेळ थांबलं. शेवटी तिनं त्याचं 'उन्हातून आल्यावर' केलं आणि खाली बारीक अक्षरांत एक ओळ घातली : 'दिवेलागणीला हातपाय धुऊन लावावे. उन्हात जाताना हे मलम पुरेसे नाही, अंगभर कपडा घालावा.'

"असं कोण लिहितं गं लेबलावर?" थोरली बाई म्हणाली.

"आपण लिहू," मावशी म्हणाली. "तुझा शर्ट काढ बघू जरा."

बाईनं साडीवरचा शर्ट उतरवून दिला. मावशीनं तो दोन्ही हातांनी आडवा धरून आभाळाकडे उंच केला आणि डोळे बारीक करून आरपार पाहिलं. पाठीचा भाग दाट होता. दोन्ही खांदे आणि उजवं कोपर मात्र धुऊन धुऊन विरलं होतं, आणि तिथून उजेड चाळणीतून यावा तसा खाली येत होता. तिच्या चेहऱ्यावर त्याचे ठिपके पडले.

"खांद्यांना आतून अस्तर घाल," ती म्हणाली. "माझ्या पेटीत जुनी काळी साडी आहे, ती ने. आणि सावली अंगापेक्षा आखूड झाली की उद्यापासून बागेतून निघायचं. मुकादमाला मी सांगते."

बाईनं खाली आपल्या पायांकडे पाहिलं. दीड वाजत आला होता. सावली नुकती पावलांच्या बाहेर डोकावायला लागली होती.